पावडरच्या डब्यावर मुदत छापलेली नसते, मग जुनं रिलोडिंगचं सामान वापरायचं की टाकायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ॲरिझोनात, फिनिक्सजवळ राहता. .३०-०६ रायफलची काडतुसं स्वतः भरायला (म्हणजे रिलोडिंग करायला) लागून तुम्हाला दोन वर्षं झाली. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ वारले आणि घरच्यांनी विकायला काढलेल्या सामानात तुम्हाला त्यांचं रिलोडिंगचं सगळं साहित्य मिळालं. त्यात एच-४८३१ या पावडरचा अर्धा भरलेला आठ पाउंडांचा डबा, युनिक या दुसऱ्या पावडरचे तीन सीलबंद एक-पाउंडी डबे, काचेच्या बरणीत हाताने '४८९५' लिहिलेली पावडर, चार हजारांच्या आसपास प्रायमर (काडतुसाच्या बुडाशी बसणारी, पावडर पेटवणारी छोटी टोपी; काही सुटे), कॉफीच्या डब्यात हिरवट पडलेली ब्रास (काडतुसांच्या रिकाम्या पितळी केसेस), पांढरा थर चढलेल्या शिशाच्या गोळ्या आणि दोनशेएक भरलेली काडतुसं आहेत. यातलं काय वापरता येईल, आणि टंचाईच्या धास्तीने नवीन माल घाऊक घेतला तर तो किती वर्षं टिकेल, असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही विचारलंत वर्षांबद्दल, पण जाता जाता एक वाक्य लिहिलंत: 'हे सगळं त्यांच्या गॅरेजमध्ये होतं.' मला सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच वाटते. चाळीस वर्षं थंड, कोरड्या कपाटात राहिलेली पावडर मी बिनधास्त वापरेन. पण फिनिक्सच्या गॅरेजमध्ये आठ उन्हाळे काढलेल्या पावडरकडे मी संशयानेच बघेन. म्हणून यातली प्रत्येक वस्तू हातात घेताना दोन गोष्टी विचारायच्या. हिने उष्णता आणि ओल किती खाल्ली आहे? आणि ही नक्की काय आहे हे मला खात्रीने माहीत आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'बहुतेक' असं असेल, तर पहिल्या प्रश्नाकडे जायची गरजच उरत नाही.

पावडर खराब होते म्हणजे नेमकं काय होतं, ते समजलं की पुढचे निर्णय सोपे जातात. स्मोकलेस पावडरचा मूळ घटक नायट्रोसेल्युलोज. त्यात नायट्रोग्लिसरीनही असेल तर तिला डबल-बेस म्हणतात, नसेल तर सिंगल-बेस. तुमची एच-४८३१ आणि ४८९५ सिंगल-बेस, युनिक डबल-बेस. नायट्रोसेल्युलोज बनल्या दिवसापासून अगदी सावकाश विघटित होत असतं आणि त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात. ओलाव्याशी संयोग झाला की त्यांचं आम्ल होतं आणि ते आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढवतं. हे चक्र रोखण्यासाठी कारखान्यात पावडरमध्ये स्टॅबिलायझर घालतात, बहुधा डायफेनिलअमीन. ते हे ऑक्साइड शोषून घेत राहतं आणि तसं करताना स्वतः संपत जातं. त्यामुळे पावडरचं आयुष्य म्हणजे स्टॅबिलायझरची शिल्लक. ती संपेपर्यंत पावडर अगदी नव्यासारखी वागते. संपली की मात्र बिघाड झपाट्याने होतो, आणि साठा मोठा असेल तर आतली उष्णता बाहेर न पडल्यामुळे तो आपोआप पेटूही शकतो.

ही भीती पुस्तकी नाही. फ्रेंच नौदलाची 'इएना' ही युद्धनौका १९०७ मध्ये आणि 'लिबेर्ते' १९११ मध्ये, दोन्ही तूलाँ बंदरात, कोठारातल्या बिघडलेल्या पावडरमुळे स्फोट होऊन नष्ट झाल्या. स्टॅबिलायझरकडे आज इतक्या काटेकोरपणे बघितलं जातं त्यामागे असे अपघात आहेत. घरातल्या एक-पाउंडी डब्याची तुलना युद्धनौकेच्या कोठाराशी करायची नाही, पण रसायन तेच आहे.

आता उष्णता. अशा विघटनाचा वेग ढोबळमानाने दर १० अंश सेल्सिअसला दुप्पट होतो असं धरून चाला. २० अंशांच्या कपाटात जे व्हायला आठ वर्षं लागतील, ते ५० अंशांच्या गॅरेजमध्ये एका वर्षात होईल. लष्करी पावडरच्या तपासणीत नमुना ६५.५ अंशांवर ठेवून लाल-तपकिरी वाफा किती दिवसांनी दिसतात ते बघतात. म्हणजे मुद्दाम म्हातारी करायची तर तज्ज्ञ जे तापमान वापरतात, त्यापासून जुलैतलं तुमचं पत्र्याच्या दाराचं बंद गॅरेज फार लांब नाही. थंडीत ते गार होतं हे खरं, पण झालेलं नुकसान त्यामुळे भरून येत नाही.

डबा तपासायची पद्धत अशी. दिवसा, घराबाहेर, वारा खेळत असेल अशा जागी टेबलावर पांढरा कागद पसरा. आसपास सिगरेट, ग्रिल, चालू इंजिन काही नको. डबा उघडायच्या आधी त्याच्याकडे नीट बघा. पत्र्याचा असेल तर झाकणाच्या कडेला आणि शिवणीवर आतून बाहेर आलेला गंज दिसतो का? प्लास्टिकचा असेल तर तो फुगलाय, आत खेचला गेलाय किंवा काळपट-पिवळा पडलाय का? मग झाकण काढून लगेच नाक खाली घालू नका. क्षणभर थांबा आणि हाताने वारा घेत वास घ्या. चांगल्या पावडरला ईथर किंवा स्पिरिटसारखा सौम्य, जरा गोडसर वास असतो. बिघडलेल्या पावडरचा वास आंबट, नाकात झोंबणारा असतो. एकदा घेतला की विसरणार नाही असा. मग चमचाभर पावडर कागदावर ओता. दाणे सुटे, कडक आणि एकाच रंगाचे दिसले पाहिजेत. ओतताना गंजासारखी तांबूस, बारीक भुकटी उडाली किंवा कागदावर राहिली, तर निकाल लागला. एच-४८३१ च्या लांबट दाण्यांवर ही भुकटी लगेच उठून दिसते. युनिकच्या चपट्या पाकळ्यांमध्ये मात्र मुळातच थोडी धूळ असते, म्हणून तिथे रंगाकडे बघा. करडी धूळ चालेल, तांबूस चालणार नाही. झाकणाच्या आतली बाजू सगळ्यात आधी बोलते. तिथे गंज किंवा तपकिरी डाग असतील आणि पावडर वरवर ठीक दिसत असेल, तरी मी ती ठेवणार नाही.

डबा उघडताना तपकिरी वाफ दिसली किंवा डबा हाताला कोमट लागला, तर तपासणी तिथेच थांबवा. दूर व्हा, घरच्यांनाही दूर करा आणि ९११ ला फोन करा.

बरणीतल्या '४८९५' बद्दल मी कुठलीही तडजोड करणार नाही. ती टाकायची. तिचा वास छान असेल, दाणे सुरेख असतील, लिहिणारे गृहस्थ अत्यंत शिस्तीचे असतील, तरीही. पावडर दिसण्यावरून ओळखता येत नाही. काळपट, लहान, लांबट दाण्यांच्या डझनभर पावडरी आहेत आणि त्यांच्या जळण्याच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक आहे. समजा बरणीत खरंच ४८९५ आहे, तरी ती आय-एम-आर या ब्रँडची की हॉजडन या ब्रँडची? तुमच्या आठ पाउंडी डब्याचं उदाहरण घ्या. हॉजडनची मूळ एच-४८३१ म्हणजे दुसऱ्या महायुद्धात २० मिलिमीटर तोफांसाठी बनवलेली, उरलेली पावडर. ब्रूस हॉजडन यांनी ती सरकारकडून घेऊन विकायला सुरुवात केली आणि हा साठा कित्येक वर्षं पुरला. पुढे सत्तरच्या दशकात डु-पाँने आय-एम-आर ४८३१ बाजारात आणली, ती जळायला एच-४८३१ पेक्षा जलद. आकडा एकच, पावडरी दोन. एकीचं वजन दुसरीला लावलं तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. त्यात काचेची बरणी म्हणजे उजेड थेट पावडरवर, आणि आग लागली तर काचेच्या तुकड्यांचा मारा.

युनिकच्या सीलबंद डब्यांवर आधी कंपनीचं नाव वाचा. 'हर्क्युलस' लिहिलं असेल तर डबा १९९५ च्या आसपासचा किंवा त्याआधीचा, कारण त्या सुमारास हा धंदा अलायंटकडे गेला. आय-एम-आरच्या डब्यावर 'डु-पाँ' दिसलं तर तो ऐंशीच्या दशकातला किंवा त्याहून जुना समजा. दुकानाची किमतीची चिकटपट्टीही उपयोगी पडते, ती खरवडून काढू नका. सील शाबूत, लेबल स्पष्ट, वास आणि रंग बरोबर असेल तर युनिक वापरायला माझी हरकत नाही, पण तुमच्या .३०-०६ मध्ये नाही. ती मुख्यतः पिस्तूल आणि शॉटगनची पावडर आहे. रायफलच्या मोठ्या केसमध्ये तिची मात्रा इतकी थोडी असते की चुकून दुप्पट पडली तरी केस भरलेली दिसत नाही. दोन वर्षांच्या अनुभवावर त्या वाटेला जाऊ नका.

एच-४८३१ उघडलेली आहे, हीच तिची खरी अडचण. आत आज जे आहे तेच मुळात होतं का? दुसऱ्या डब्यातली उरलेली पावडर 'एकच तर आहे' म्हणून कुणी यात ओतली असेल तर ते कळायला मार्ग नाही. अर्धा डबा म्हणजे चार पाउंड, २८,००० ग्रेन (पावडर मोजायचं छोटं एकक). .३०-०६ ची साधारण पाचशे काडतुसं निघतील. आजच्या भावाने दोनेकशे डॉलरचा माल आहे आणि तो टाकवत नाही हे मला समजतं. त्या गृहस्थांची नोंदवही सामानात असेल तर शोधा. त्यात या डब्याचा लॉट नंबर आणि तो कधी उघडला ते सापडलं, तपासणीत तो निर्दोष ठरला, तर मी पुढचं पाऊल टाकेन. ते असं: आजच्या मॅन्युअलमधली (पावडरच्या मात्रांचं पुस्तक) किमान मात्रा घ्यायची, पाच काडतुसं भरायची आणि क्रोनोग्राफवर वेग मोजायचा. वेग मॅन्युअलपेक्षा बराच जास्त आला, किंवा पाच फैरींत खूप विखुरलेला आला, तर डबा बाद. जुनी पावडर नेहमी अशक्तच होते हा गैरसमज आहे. दाण्यांवर जळणं मंद करणारा लेप असतो, त्यात बदल झाला की ती जास्त जलदही जळू शकते. नोंदवही नसेल आणि डबा गॅरेजमध्येच राहिला असेल, तर मी दोनशे डॉलरवर पाणी सोडेन.

प्रायमरची गोष्ट वेगळी आहे. आजच्या नेहमीच्या प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट हा मुख्य स्फोटक घटक असतो आणि तो पावडरपेक्षा बराच चिवट आहे. मूळ खोक्यात, घरातल्या तापमानाला राहिलेले तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे प्रायमर सर्रास चालतात. त्यांना त्रास होतो तो सततच्या ओलीचा आणि दीर्घकाळच्या कडक उष्णतेचा. शिसेविरहित प्रायमरचं रसायन निराळं असतं आणि साठवणीत त्यांच्यावर मी तेवढा भरवसा ठेवत नाही.

आधी सुटे प्रायमर बाजूला काढा. प्रायमरचे ट्रे बनवताना प्रत्येक प्रायमर शेजारच्यापासून वेगळा राहील अशी रचना मुद्दाम केलेली असते, म्हणजे एक उडाला तरी सगळे उडू नयेत. डबीत एकत्र ओतलेले शंभर प्रायमर एकमेकांवर घासतात, आणि एक उडाला तर सगळे एकदम उडतात. हातात डबी असेल तर बोटं जातात. ती डबी हलवून वाजवून बघू नका. शिवाय सुटे झाले की ते लार्ज रायफल की लार्ज पिस्तूल, मॅग्नम की साधे हे कळत नाही. ते वापरायचे नाहीत.

खोक्यातले मात्र तपासून बघा. हजार प्रायमरच्या खोक्यातून (त्याला वीट म्हणतात) वेगवेगळ्या ट्रेमधले मिळून पंचवीस घ्या. कपावर हिरवट डाग, ॲन्व्हिलवर (प्रायमरच्या आतल्या छोट्या पत्र्यावर) गंज किंवा खोक्यावर पाण्याचे डाग आहेत का बघा. मग पावडर आणि गोळी न घालता नुसत्या केसमध्ये बसवून रेंजवर सुरक्षित दिशेने मारा. डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षण घालूनच, कारण नुसत्या प्रायमरचा आवाजही मोठा असतो. सगळ्यांचा आवाज सारखा, कडक आला पाहिजे. एखादा फुसका निघाला तर आणखी पंचवीस बघा. दोन-तीन दगा देणारे निघाले तर ती वीट बाद. अशक्त प्रायमर नुसता निराश करत नाही. एच-४८३१ सारख्या सावकाश पावडरला तो नीट पेटवू शकला नाही तर गोळी नळीत अडकते, आणि मागून दुसरी सोडली तर नळी फुटते. म्हणून भरलेलं काडतूस चाप ओढल्यावर वाजलं नाही, तर नळी निशाण्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबायचं, मग बोल्ट उघडायचा. आवाज फुसका आला तर नळीतून सफाईची सळई घालून बघितल्याशिवाय पुढची फैर नाही.

ब्रासकडे वळू. काडतुसाची केस ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त यांच्या पितळेची असते. नुसती काळवंडली असेल तर ती आपल्या घरच्या पितळी भांड्यांसारखीच, रंग गेला म्हणून बिघडलेली नसते. हिरवं मात्र नीट बघा. लिटरभर गरम पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून केसेस दहा मिनिटं ठेवा, दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. हिरवा थर गेल्यावर खाली गुळगुळीत धातू असेल तर ठीक. नखाला खड्डे लागले किंवा गुलाबी ठिपके दिसले, तर तिथलं जस्त निघून गेलेलं आहे. अशी केस पक्कडीने चेपून भंगारात टाका, म्हणजे चुकून परत वापरात यायची नाही. ती रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवण्याचा सल्ला कुठे वाचलात तर ऐकू नका, त्यानेही जस्तच निघतं.

पितळेचा दुसरा शत्रू अमोनिया, आणि त्याचा शोध आपल्याकडच्या पावसाळ्याशी जोडलेला आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजा पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांमध्ये ठेवत. मोसम संपल्यावर बाहेर काढली की केसेसना, विशेषतः मानेपाशी (गोळी धरणारा अरुंद भाग), चिरा पडलेल्या असत. ऋतूशी जोडून त्याला 'सीझन क्रॅकिंग' म्हणायला लागले. पुढे १९२१ मध्ये मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन यांनी कारण उलगडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि केस घडवताना धातूत राहिलेला ताण, दोन्ही मिळून पितळ चिरतात. आजच्या घरात तबेला नसतो, पण मांजराच्या विष्ठेसाठी ठेवलेली माती असते, अमोनिया असलेलं काचा पुसायचं द्रावण असतं आणि तसंच पितळ चकाकवायचं पॉलिश असतं. यातलं काहीही ब्रासजवळ नको. जुन्या केसेसच्या मानेवर भिंगातून बारीक उभ्या चिरा शोधा. एका डब्यात दोन-चार सापडल्या तर अख्खा डबा संशयित धरा.

शिशाच्या गोळ्यांवरचा पांढरा थर हा शिशाचा क्षार आहे, विषारी आहे आणि भुकटी होऊन उडतो. ओकच्या लाकडी खणात ठेवलेल्या गोळ्यांवर तो हमखास येतो, कारण त्या लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटते. हातमोजे घाला, कोरडं घासू नका, टंबलरमध्ये (घासून चकाकवणाऱ्या यंत्रात) अजिबात टाकू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका. थोड्याच गोळ्या असतील तर पिशवी बंद करून शिसं घेणाऱ्या भंगारवाल्याला द्या. तांब्याचं आवरण असलेल्या गोळ्यांना मुदत नसते, त्या पुसल्या की झालं.

भरलेली दोनशे काडतुसं दुसऱ्याने भरलेली आहेत, म्हणून ती मारायची नाहीत. खोक्यावर मात्रा लिहिलेली असली तरी नाही. इनर्शिया हातोडीने (काडतूस आत धरून आपटलं की गोळी सुटते असं अवजार) गोळ्या काढा, त्या वापरता येतील. पावडर टाकायचीच. गोळी हलत नसेल तर जोर वाढवू नका. वर्षानुवर्षांत गोळी आणि मान एकमेकांना चिकटून बसतात. सीटिंग डायने (केसमध्ये गोळी बसवायच्या अवजाराने) गोळी अर्धा मिलिमीटर आत ढकला, 'टक्' असा आवाज येऊन ती सुटते, मग हातोडीने निघते. गोळीची आतली बाजू हिरवी आणि केसच्या आत काळा-हिरवा चिकट थर दिसला, तर आतली पावडर आम्लधर्मी झाली होती. त्या केसेसही टाका.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, नव्या साठ्याचा. २०२० नंतर प्रायमर ज्या रीतीने दुकानांतून गायब झाले ते बघता चार-पाच वर्षांचा माल घरात ठेवावासा वाटणं स्वाभाविक आहे, आणि नीट ठेवला तर तो सहज टिकतो. जागा घरातली हवी, जिथे एसीचा वारा पोहोचतो. बेडरूमच्या आतल्या भिंतीचं कपाट उत्तम. १५ ते २४ अंश तापमान आणि ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता धरा. खरं तर आकड्यापेक्षा ते स्थिर राहणं महत्त्वाचं. गॅरेज, माळा, गाडीची डिकी, गॅसच्या वॉटर हीटरची खोली या जागा वर्ज्य. न्यू जर्सीकडच्या लोकांची अडचण उलटी असते. बेसमेंट थंड असतं पण दमट, म्हणून तिथे काँक्रीटच्या जमिनीपासून वर फळी आणि डीह्युमिडिफायर हवा.

कपाट लाकडी हवं, बंदुकीची तिजोरी किंवा घट्ट झाकणाचा लष्करी पत्र्याचा डबा नको. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं, म्हणून कारण सांगतो. स्मोकलेस पावडर मोकळी असेल तर भडकून जळते, कोंडली तर दाब वाढून कोंडणारी वस्तू फोडते. कारखान्याचे डबे मुद्दाम असे बनवलेले असतात की थोड्या दाबाने शिवण उकलावी आणि आग बाहेर निघावी. तोच डबा जाड पोलादात बंद केलात तर तुम्ही बॉम्ब तयार केलात. अमेरिकेत सर्वत्र आधार मानल्या जाणाऱ्या एन-एफ-पी-ए ४९५ या नियमावलीनुसार राहत्या घरात मूळ डब्यांमध्ये २० पाउंडांपर्यंत स्मोकलेस पावडर ठेवता येते. २० ते ५० पाउंडांसाठी किमान एक इंच नॉमिनल जाडीच्या भिंतींची लाकडी पेटी लागते (लाकूडवखारीत एक इंची म्हणून मिळणारी फळी प्रत्यक्षात पाऊण इंच भरते, ती चालते). प्रायमरची मर्यादा १०,००० नग. शहराचा अग्निनियम किंवा भाड्याचा करार याहून कडक असू शकतो, म्हणून तुमच्या फायर मार्शलच्या कार्यालयात विचारून घ्या. पावडर आणि प्रायमर वेगवेगळ्या कपाटांत, आणि दोन्हींजवळ सॉल्व्हंट, पेट्रोल, रंग नको.

प्रायमर मूळ खोक्यासकट झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी, असे ठेवा. पावडरच्या डब्यात मात्र ती पुडी कधीही टाकू नका. पावडरमध्ये थोडा ओलावा असणं अपेक्षितच असतं आणि मॅन्युअलमधल्या मात्रा तो गृहीत धरून काढलेल्या असतात. तो शोषून घेतलात की पावडर जलद जळते आणि दाब चढतो. फ्रिजही नको. थंड डबा उघडला की हवेतली वाफ दाण्यांवर जमते. रोजचं काम संपलं की मेजरच्या (पावडर मोजून ओतणाऱ्या यंत्राच्या) नळकांड्यातली पावडर त्याच दिवशी तिच्या डब्यात परत ओता. रात्रभर राहिली तर ती हवा खाते, डबल-बेस असेल तर नळकांड्याचं प्लास्टिक धुरकट करते, आणि सकाळी 'यात कुठली होती बरं?' हा प्रश्न उभा राहतो. एका वेळी टेबलावर एकच डबा, हा नियम यासाठीच. प्रत्येक डब्यावर मार्करने घेतल्याची आणि उघडल्याची तारीख लिहा, लॉट नंबर वहीत उतरवा, जुना डबा आधी संपवा. वर्षातून एकदा, उन्हाळा सरला की, वर सांगितलेली वास-रंगाची तपासणी करा. तयार करणारा एखाद्या लॉटची पावडर परत मागवतो असंही घडलेलं आहे, तेव्हा ही लॉटची नोंद कामी येते.

टाकायचं कसं? पावडर नाल्यात किंवा संडासात ओतू नका. पाण्याने ती मरत नाही, वाळली की परत पेटते. बिघडलेली नाही पण ओळख पटत नाही अशी थोडी पावडर मोकळ्या मातीवर खूप विरळ पसरून पाणी मारलं की नायट्रोजन मातीत जिरतो, मात्र कुत्रं आणि मुलं तिथे जाणार नाहीत हे बघा. पाउंड-दोन पाउंडांहून जास्त असेल, किंवा आंबट वास येत असेल, तर अग्निशमन दलाच्या आणीबाणीखेरीजच्या क्रमांकावर फोन करा आणि तोवर डबा घराबाहेर, सावलीत, मोकळ्या जागी, झाकण सैल करून ठेवा. सुटे आणि बाद प्रायमर तेलात भिजवून मरतात ही समजूत चुकीची आहे. वाळल्यावर त्यातले बरेच परत उडतात. तेही अग्निशमन दलाकडेच.

एक शेवटचं, तुम्ही दर डिसेंबरात पुण्याला जाता असं लिहिलंत म्हणून. पावडर आणि प्रायमर विमानात न्यायला चेक-इन सामानातही बंदी आहे, आणि भारतात परवान्याशिवाय काडतूस भरणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. तुम्ही मुद्दाम काही नेणार नाही, पण रेंजवर वापरलेली बॅग आणि जॅकेट प्रवासात नेऊ नका. मुंबई विमानतळावर स्कॅनरमध्ये अस्तरात अडकलेलं एक विसरलेलं काडतूस दिसलं, तरी पोलिसांसमोर उभं राहावं लागतं. न्यायचीच असेल तर बॅग उलटी करून झटका, प्रत्येक कप्प्यात हात घाला आणि तळाच्या शिवणीवरून बोट फिरवा.